शिशाचं सील

युसूफ वडगाव
१ डिसेंबर २०२४

सायरा,

फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही, असं तुझी लेक अफसाना म्हणाली. म्हणून हे पत्र. बोर्डिंगमध्ये दर रविवारी सिस्टर आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायची, ते आठवलं. तू मजकूर सांगायचीस आणि हस्ताक्षराचं बक्षीस मला मिळायचं.

आज तुझ्या मुलाचं कौतुक करायला बसले आहे. माझ्या हातून कौतुक क्वचितच होतं, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

गेल्या वर्षी घेतलेला माझा ट्रॅक्टर ऊस वाहायला लागला आणि चौथ्याच दिवशी भरल्या ट्रॉलीसकट केजच्या रस्त्यात बंद पडला. दोन वर्षांची वॉरंटी आहे. शोरूम सुंदररावांचं, म्हणजे प्रत्येक निवडणुकीत ज्यांचा हात जोडलेला फोटो चौकात लागतो त्यांचं. तिथला सर्व्हिसचा मुख्य अजिनाथ. मी फोन केला की म्हणतो, "मॅडम, तुमची कंप्लेंट रजिस्टर झाली." आठ दिवस हेच. शेवटी मी म्हटलं, "अजिनाथ, पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात मी लोकांच्या तक्रारी रजिस्टरच करत होते. रजिस्टर करणं म्हणजे काही न करणं, हे मला शिकवू नका." तर म्हणे, मिस्त्री आष्टीच्या कॅम्पला गेलेत.

नवव्या दिवशी माझा ड्रायव्हर नाथा तुझ्या मतीनला घेऊन आला. मतीनने फिल्टरची वाटी सोडली आणि काचेच्या ग्लासात डिझेल धरलं. खाली पाणी, वर डिझेल. म्हणाला, "खाला, हे बघा. हे पिऊन माणूस चालेल, ट्रॅक्टर नाही." नाथाने डिझेलचे कॅन अंगणात उघडे ठेवले होते, ते तिथेच कळलं. टाकी धुऊन काढली, पंप काढून केजला दुकानात नेला, तिसऱ्या दिवशी आणून बसवला. आता ट्रॅक्टर धावतो आहे.

नबीभाई असते तर त्यांना सांगितलं असतं, की मुलगा बापाच्या वरचढ निघाला. ते नाहीत, म्हणून तुला सांगते.

तुझी
प्रियदर्शनी

*

बीड
९ डिसेंबर २०२४

दर्शू,

तुझं पत्र अफसानाला मोठ्याने वाचायला लावलं. मला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघायचा होता. तिला म्हटलं, बघ, ही बाई शाळेत सिस्टरचंसुद्धा कौतुक करत नव्हती.

मतीनबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. तो स्वतः कुणाला सांगत नाही. पंप बनवणारी कंपनी केज तालुक्यात एकाच दुकानाला त्यांचा बोर्ड देणार आहे. अधिकृत पंप दुरुस्ती केंद्र. एकदा तो मिळाला की वॉरंटीतले सगळे पंप, कुठल्याही शोरूमचे असोत, त्याच दुकानात पाठवावे लागतात. आत्ता मतीनकडे फक्त वॉरंटी संपलेले जुने ट्रॅक्टर येतात आणि तेही शोरूमवाले महिन्याला थोडे थोडे ओढून नेतात. बोर्ड मिळाला नाही तर नबींचं दुकान वर्षभरही उघडं राहणार नाही, असं तो अफसानाला म्हणाला. मला नाही सांगितलं. मला वाटतं, माझे कान गेले म्हणून त्याला वाटतं की माझे डोळेही गेले.

पंप तपासायचं मशीन आणलं आहे. भिंतींना पांढरी फरशी लावली आहे. नबी असते तर म्हणाले असते, हे दुकान आहे की दवाखाना. दुसरा अर्ज तुझ्या सुंदररावांच्या शोरूमचा आहे. कंपनीचे साहेब २१ जानेवारीला दोन्ही ठिकाणी पाहणीला येणार आहेत.

दुआ कर. तुझ्या पद्धतीने कर, तुझी भांडखोर दुआ लवकर पोचते.

सायरा

*

युसूफ वडगाव
२८ डिसेंबर २०२४

सायरा,

मागचं पत्र जपून ठेव म्हणाले होते. आता फाडून टाकलंस तरी चालेल.

ट्रॅक्टर सोमवारी पुन्हा बंद पडला. या वेळी मी कुणाला घरी बोलावलं नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढत शोरूमला नेला आणि खुर्ची मागवून तिथेच बसले. अजिनाथने पंपच गेल्याचं सांगितलं, मग जवळ वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. पंपाच्या ज्या स्क्रूवरून इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरतं, त्याला तार गुंडाळून कंपनी शिशाचा मणी दाबून बसवते, म्हणजे सील. ते तुटलं की वॉरंटी संपली. माझ्या पंपावर सील होतं, पण कंपनीचं नव्हतं. त्यावर "न" उमटलेला होता.

"मॅडम," अजिनाथ म्हणाला, "हे कुणाचं हाय ते आख्ख्या केजला म्हाईत हाय."

नाथाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मतीनभाईनंच खोललं बाई." मी तिथूनच मतीनला फोन लावला. तो म्हणाला, "हो खाला. पंप मीच खोलला. सील माझंच आहे." मी वाट पाहिली. पुढे एक शब्द नाही. मी विचारलं, "वॉरंटी जाते हे तुला माहीत नव्हतं?" म्हणाला, "माहीत होतं." आणि गप्प. तुझा मुलगा इतका गप्प राहू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. चूक झाली म्हणणारा माणूस मी समजू शकते. गप्प बसणारा मला समजत नाही.

मला न विचारता त्याने माझ्या वस्तूचं सील तोडलं आणि वर स्वतःचं नाव ठोकलं. जसं काही शेत माझं आणि ट्रॅक्टर नबीभाईंचा.

माझी व्यवस्था मी केली आहे. कंपनीकडून नवा पंप वॉरंटीतच मिळेल. कसा, ते इथे लिहीत नाही. लिहिण्याची मला कधी भीती वाटली नाही, एवढंच समज.

प्रियदर्शनी

*

बीड
५ जानेवारी २०२५

दर्शू,

तुझं पत्र या वेळी मी अफसानाला दिलं नाही.

मतीन शुक्रवारी आला होता. मी विचारलं. त्याच्या ओठांवरून कळलं, "अम्मी, जाने दो." मी पुन्हा विचारलं. तो उठून हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

म्हणून मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. शिशावर "न" उमटवायचा तो पंच नबींचा. ते म्हणायचे, मी बंद केलेल्या पंपात उद्या कुणी हात घातला तर नाव माझं खराब होणार, म्हणून दरवाजा बंद करताना मी माझं कुलूप लावतो. दुकानातून निघालेला प्रत्येक पंप, पाच मिनिटांचं काम असो की पाच दिवसांचं, त्या मण्याशिवाय बाहेर गेला नाही. मतीनने ती रीत ठेवली. विचार कर, ज्याला चोरून काही करायचं असतं तो त्यावर बापाचं नाव ठोकेल का?

तू रागावलीस ते मला मान्य आहे. तुला विचारायला हवं होतं. त्याच्या वतीने मी माफी मागते.

आणि एक मागते, मागू नये अशा वेळी. २१ तारखेला साहेब दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणार आहेत. बहुतेक सगळे बिचारे साहेब दिसला की हात बांधून उभे राहणारे. तू आलीस आणि दोन वाक्यं बोललीस तर त्याचं वजन पडेल. तुझ्या इंग्रजीसमोर साहेबही उभे राहतील.

सायरा

*

युसूफ वडगाव
१४ जानेवारी २०२५

सायरा,

संक्रांत आहे. तीळगूळ पाठवत नाही. आत एक आणि तोंडावर एक, हे मला जमत नाही, तुला माहीत आहे.

नवा पंप बसला. ट्रॅक्टर चालू आहे. अजिनाथ स्वतः येऊन तपासून गेला, चहा घेतला, सुंदररावांचं कॅलेंडर देऊन गेला. ते मी गोठ्यात लावलं आहे.

२१ तारखेला मी येणार नाही. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण कारण ते नाही. माझी वॉरंटी ज्याने घालवली त्याची शिफारस मी करणं हे खोटं बोलणं होईल. कुलूप लावण्याची रीत चांगली असेल, पण घराच्या मालकाला विचारून लावतात. नबीभाईंनी मला विचारलं असतं.

तू माफी मागायची गरज नव्हती. ती त्याने मागायची होती. तो मात्र अजून गप्पच आहे.

बाकी तब्येत सांभाळ.

प्रियदर्शनी

*

बीड
२७ जानेवारी २०२५

प्रियदर्शनी,

पाहणी झाली. मीही केजला गेले होते, दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते. ऐकू येत नाही, म्हणून नंतर काय झालं ते मतीनने कागदावर लिहून दाखवलं.

साहेबांनी मशीन पाहिलं, फरशी पाहिली, खूश झाले. मग बॅगेतून एक पत्र काढलं. शोरूमने अर्जासोबत जोडलेलं. गिऱ्हाइकाचं निवेदन, इंग्रजीत, दोन पानी. या माणसाने मालकाच्या परवानगीशिवाय कंपनीचं सील तोडलं, त्याच्या जागी स्वतःची खूण ठोकली, विचारल्यावर खेद दाखवला नाही, अशा माणसाच्या हाती कुणाचंही यंत्र सुरक्षित नाही. असं पुष्कळ. मतीनने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. खालची सही मी वाचली नाही. त्याची गरज पडली नाही. ते उजवीकडे झुकलेलं अक्षर मी दहा वर्षं शेजारच्या बाकावर बसून पाहिलं आहे.

साहेब मतीनला म्हणाले, तुझं काम चांगलं आहे, पण सील तोडणाऱ्याला आम्ही सील बसवायचा अधिकार कसा देणार? मतीन म्हणाला, पंप आला तेव्हा त्यावर सील नव्हतंच. साहेबांनी विचारलं, साक्षीदार आहे? मतीन म्हणाला, नाही.

साक्षीदार होता. मतीन घरी आल्यावर मी त्याच्या ताटात वाढायचं थांबवलं, तेव्हा त्याने लिहून सांगितलं. दिवाळीच्या आधी तुझा ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला शोरूममध्ये गेला होता. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढाव्यात म्हणून नाथाने तिथल्या मिस्त्रीला सांगून पंपाचं डिझेल वाढवून घेतलं. सील त्यांनी तोडलं. मतीनने पंप खोलला तेव्हा नाथा त्याच्या पाया पडला, की बाईला कळलं तर मला हाकलतील, घरात तीन माणसं माझ्यावर आहेत. मतीनने डिझेल पुन्हा होतं तेवढं केलं, म्हणजे तुझं इंजिन जळणार नाही, आणि वरून आपलं कुलूप लावलं. नाथाला शब्द दिला होता म्हणून तो तुझ्यासमोर गप्प राहिला, आणि साहेबांसमोरही नाथाचं नाव घेतलं नाही.

बोर्ड सुंदररावांच्या शोरूमला मिळाला.

सायरा

*

युसूफ वडगाव
४ फेब्रुवारी २०२५

सायरा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझाच राग आला, की तू हे दुसऱ्या कुणाला का लिहिलं नाहीस. मग नाथाला बोलावलं.

तो दारातच बसला. मी विचारायच्या आधीच बोलायला लागला. "बाई, दोन ट्राल्या वढंना म्हून म्या शोरूमला गेलतो. मिस्त्री म्हणला, बे नाथा, पंपाचा स्क्रू पाव आटा फिरीवला की हत्ती व्हतो बघ. म्या म्हणलं फिरीव." मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तर मान वर करून म्हणाला, "कावून सांगू बाई? तुमी ऐकून घेता व्हय कुणाचं? कालवणात मीठ कमी पडलं तर सैपाकाच्या छबुबाईला तुमी अर्धा तास उभं करता. म्या तर ट्रॅक्टर मोडलाता."

मी त्याला काढणार होते. नोकरीवरून काढण्याची वाक्यं मला तयार करावी लागत नाहीत. पण त्याला काढलं तर मतीन ज्यासाठी तोंड बंद ठेवून बसला तेवढंही वाया जाईल. नाथा अजून आहे. मी त्याच्याशी बोलत नाही. त्याला बहुतेक ते बरं वाटत असावं.

मग शोरूमला गेले. सुंदरराव स्वतः होते. मी म्हटलं, "सील तुमच्या मिस्त्रीनं तोडलं. हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं." ते हसले. "ताई, आमच्या रजिस्टरला तशी नोंद न्हाई. तुमच्या पत्रात मात्र सगळी नोंद हाय. लई भारी इंग्रजी हो तुमचं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणले, अशी भाषा आता दिल्लीतबी कुणी लिहीत न्हाई." अजिनाथ खाली बघून काहीतरी चाळत होता.

सायरा, हे आता सांगतेच. अजिनाथने माझ्याकडे दोनच ओळी मागितल्या होत्या. बाहेरच्या माणसाने मला न विचारता पंपाचं सील तोडलं, एवढंच. म्हणाला, तसं असलं की कंपनी गिऱ्हाइकाची चूक धरत नाही आणि पंप देते. दोन ओळींनी पंप मिळत होता. बाकीची दोन पानं माझी. त्याच्या टेबलावर बसून मी ती एका दमात लिहिली, एकही शब्द न खोडता, आणि वाचून दाखवली तेव्हा मला बरं वाटलं होतं. किती दिवसांनी कुणीतरी माझं लिहिणं मान डोलावून ऐकत होतं.

कंपनीला नवं पत्र लिहिलं आहे. आधीचं निवेदन चुकीच्या माहितीवर होतं, सील शोरूममध्ये तोडलं गेलं, मतीन निर्दोष आहे. नाथाचा अंगठाही घेतला आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. प्रत सोबत जोडते.

मतीनला फोन लावते आहे. तो उचलतो, "हो खाला, ठीक आहे खाला" म्हणतो आणि ठेवतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

प्रियदर्शनी

*

बीड
३ मार्च २०२५

प्रियदर्शनी,

रोजे सुरू झाले, म्हणून उत्तराला उशीर. तेही पूर्ण खरं नाही.

कंपनीचं उत्तर मतीनच्या पत्त्यावर आलं. चार ओळी. आपल्या ग्राहकाचं दुसरं पत्र मिळालं, नोंद घेतली, केज तालुक्याचं केंद्र दिलं गेलेलं असल्याने तीन वर्षं नवा अर्ज घेता येणार नाही. एकाच बाईची दोन पत्रं, एक असं आणि एक तसं. त्यांनी पहिलं धरलं. दुसरं धरलं असतं तर त्यांना बोर्ड काढावा लागला असता.

मतीनने दुकान बंद केलं. पंप तपासायचं मशीन सुंदररावांनी विकत घेतलं. त्यांच्याकडे बोर्ड आला, पण पंपाचं काम येणारा माणूस नव्हता. म्हणून मशीनपाठोपाठ त्यांनी मतीनलाही बोलावलं. गेल्या सोमवारपासून तो तिथे कामाला जातो. त्यांचा शर्ट घालतो. तिथे कंपनीचं सील लावतात. नबींचा पंच त्याने मला आणून दिला. मी कपाटात ठेवला आहे.

तो समाधानी आहे असं तो म्हणतो. त्याच्या बायकोला पगाराची तारीख ठरलेली आवडते.

तुझ्या नव्या पत्राची प्रत मी वाचली. फार सुंदर लिहिलं आहेस. पुन्हा पाठवू नकोस.

सायरा

*

युसूफ वडगाव
२९ मार्च २०२५

सायरा,

पाठवू नकोस म्हणालीस ते त्या पत्राबद्दल, असं धरून हे लिहिते आहे. सगळ्याच पत्रांबद्दल असेल तर हे वाचू नकोस.

बुधवारी ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग होती. या वेळी एका फोनवर माणूस आला. शोरूमची गाडी अंगणात थांबली आणि त्यातून मतीन उतरला. निळा शर्ट, खिशावर सुंदररावांच्या शोरूमचं नाव. बरोबर अजून एक मिस्त्री होता. मी दारात गेले. तो म्हणाला, "नमस्कार मॅडम." रोजे होते, म्हणून पाणीही विचारता आलं नाही.

काम दीड तास चाललं. मी ओसरीवरून बघत होते. फिल्टर बदलला, टाकीच्या तळाचं डिझेल ग्लासात धरून पाहिलं. नाथा जवळ जाऊन काहीतरी बोलला. मतीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मग तो जॉब कार्ड घेऊन आला. "मॅडम, इथे सही करा." मी सही केली. दुसरा मिस्त्री गाडीकडे गेला होता. मी हळूच म्हटलं, "मतीन, बेटा, माझं चुकलं." तो कार्डाची घडी घालत होता. म्हणाला, "दोन-तीन दिवसांत कंपनीचा फोन येईल. सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी किती, ते विचारतील. दहाच सांगा, मॅडम. नऊ सांगितलं तरी आमचा पगार कापतात." मी म्हटलं, सांगेन. तो गेला.

आज सकाळी फोन आला. कुणी मुलगी होती, बहुतेक दिल्लीकडची, पाठ केलेलं बोलत होती. कर्मचारी वेळेवर आला का? आला. नीट बोलला का? नीट बोलला. दहापैकी किती गुण? मी दहा म्हटलं.

"मॅडम, या कर्मचाऱ्याविषयी आपल्याला स्वतःच्या शब्दांत आणखी काही सांगायचं आहे का? ते त्यांच्या फाइलला जोडलं जाईल."

मी नाही म्हटलं.

प्रियदर्शनी